परत आल्यावरची रेघ

पोर्ट एलिंगच्या धक्क्यावर उभं राहून कुठल्याही बोटीची मागची फळी बघा, नाव युनाच्या हातचं. हल्ली शहरातून छापील स्टिकर येतात. ते स्वस्त पडतात आणि दुसऱ्या हंगामात कांद्याच्या सालीसारखे सुटून येतात. मग तेच शहाणे मालक टोपी हातात धरून युनाच्या शेडच्या दाराशी येतात. युना त्यांना तिथेच उभं करते. "आलास? मला वाटलं, स्टिकरवाल्याशी लग्नच लावलंस," असं ऐकवते आणि मग काम घेते.

युना पेन्होल साठी ओलांडलेली, बारीक, काटक बाई. नखांत कायमचा रंग, केसांना रबर बँड, तोंडाला फटकळ. नाव रंगवायची विद्या तिच्या बापाची, आर्थरची. रंगवताना हात टेकवायची काठीसुद्धा त्याचीच, आणि रीतही त्याने शिकवलेली.

आमच्या बंदराची रीत अशी, की बोटीला नाव दिलं की ते मागच्या फळीवर रंगवायचं, पण नावाखालची रेघ काढायची नाही. बोट पहिल्या फेरीला निघते तेव्हा बंदरातला सगळ्यात म्हातारा मच्छीमार धक्क्याच्या टोकाला बसून शिडी उतरणारी माणसं मोजतो आणि आकडा मोठ्याने सांगतो. परत आल्यावर शिडी चढणारी मोजतो. दोन्ही आकडे जुळले की रंगारी रेघ काढतो आणि मग बोट बंदराची होते. दुसरं म्हणजे, ज्याने नाव रंगवलं त्याने त्या बोटीत पाय ठेवायचा नाही. का, ते विचारू नये. विचारलंच तर म्हातारे "पाण्याला वाचता येतं" एवढं म्हणतात आणि बिअरचा घोट घेतात.

सध्या मोजायचं काम विल्फकडे आहे. उलटी नावं ठेवण्यात आमच्या लोकांचा हात कोणी धरणार नाही. टकल्याला कर्ली म्हणायचं, ताडमाड गड्याला शॉर्टी. विल्फची नजर तरुणपणापासून अधू, म्हणून तो हॉक, म्हणजे ससाणा. आता तर त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. पण मोजण्यात तो चुकत नाही. शिडीच्या पायऱ्यांवरची पावलं ऐकून तो माणूस ओळखतो. कोण जड आहे, कोण लंगडतोय, कोणाला काल जास्त झाली होती, सगळं त्याला पावलांतून कळतं.

युनाची खोड म्हणजे शब्द. बोटवाल्यांना नशिबाचा शब्द हवा असतो. समुद्रावर जाणाऱ्याला दुसरं काय हवं असणार? पण कोणता, यावर ती अडून बसते. मागे गॅविन नावाचा एक तरुण आला आणि म्हणाला, "ब्लेस्ड लिही."

"आशीर्वाद कोणी दिला?"

"मला काय माहीत!"

"मग दिलेलं परत मागायला आला, तर काय सांगशील त्याला?"

गॅविनने बोटीला बायकोचं नाव दिलं. बायको खूश झाली, ते वेगळं.

हे सगळं आर्थरचं शिकवणं. तो म्हणायचा, नशिबाचे शब्द दुरून एकाच आईची लेकरं वाटतात. जवळ गेलं की कळतं, एकाचं दुसऱ्याशी जमत नाही. लकी म्हणजे नुसतं वर उडवलेलं नाणं. त्याला मागचं आठवत नाही, पुढचं ठाऊक नाही, आणि ते कोणाचं देणंही लागत नाही. ब्लेस्डच्या मागे देणारा उभा असतो. फॉर्च्युनेट हा मागे वळून बघणाऱ्याचा शब्द. जीव वाचवून घरी आल्यावर, चहाचा कप हातात असताना तो म्हणावा. निघताना म्हटला तर खोटा पडतो. आणि ऑस्पिशस? तो मुहूर्ताचा शब्द. तो दारापर्यंत वाजतगाजत येतो आणि दारातूनच परत जातो. पुढचा संसार तुमचा तुम्ही बघायचा.

बापाचं हे सगळं पाठ असूनही युनाने स्वतःच्या नवऱ्याच्या बोटीवर नेमका तोच शब्द रंगवला.

तेव्हा ती पंचविशीच्या आत होती आणि कॉलिनवर तिचा जीव जडला होता. कॉलिन रुंद खांद्यांचा, अबोल, शेवंडांच्या पिंजऱ्यांत आयुष्य घालवणारा. त्याने ह्युऑन पाइनच्या लाकडाची बोट बांधून घेतली, हिरवी रंगवली आणि म्हणाला, नाव तू ठरव. लकी तर शर्यतीच्या कुत्र्यांनाही म्हणतात, असं युनाला वाटलं. तिला भारदस्त काहीतरी हवं होतं. ऑस्पिशस. आर्थर म्हणाला, "पोरी, हा शब्द दारातून परत जातो." ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला कशातच चांगलं दिसत नाही."

सोनेरी अक्षरं सुकली तेव्हा तिला ती उघडीबोडकी वाटली. आनंदाच्या भरात तिने ब्रश बुडवला आणि नावाखाली रेघ ओढून टाकली. बोट अजून पाण्यातही उतरली नव्हती. आर्थरने रेघ पाहिली, काठी उचलली आणि घरी निघून गेला.

सुरुवात मात्र अशी झाली की लोक अजून सांगतात. समुद्र ताटासारखा सपाट होता, सगळं गाव धक्क्यावर लोटलं होतं, पहिल्याच फेरीत पिंजरे शेवंडांनी गच्च भरून आले. संध्याकाळी कॉलिन शिडी चढून आला आणि नेहमीसारखे ओले बूट फळ्यांवर दोनदा आपटले. ठप, ठप. ती त्याची सवयच होती. चढावरच्या घरात युनाला ते ऐकू यायचं आणि ती किटली चढवायची.

तिसऱ्या हंगामात एका स्वच्छ, वारा नसलेल्या दिवशी कॉलिन एकटाच सिस्टर्स नावाच्या खडकांकडे पिंजरे टाकायला गेला. तो आला नाही आणि बोटही आली नाही. विमानांनी शोधलं, शेजारच्या बंदरांनी शोधलं. एक फळी मिळाली नाही की एक पिंजरा मिळाला नाही. युनाला तेव्हा पाचवा महिना होता. त्यानंतर तिने तो शब्द कोणाच्या बोटीवर रंगवला नाही, आणि स्वतः धक्क्याच्या पुढे कधी गेली नाही.

पोटातली ती पोर म्हणजे ब्रॉनी. बापासारखेच रुंद खांदे, आईसारखं तोंड. युनाने तिला समुद्रापासून दूर ठेवायला काय काय केलं! शहरात शिकायला पाठवलं, दातांच्या डॉक्टरकडे नोकरीला लावलं. ती सहा महिन्यांत परत आली. "दुसऱ्याच्या तोंडात बघण्यापेक्षा समुद्रात बघेन," म्हणाली. दुसऱ्यांच्या बोटींवर राबून राबून तिशी ओलांडल्यावर तिने गेल्या हंगामाआधी स्वतःची बोट घेतली. जुनी, लाकडी, टास्मानिया बेटावरून जहाजाने आणि मग ट्रकवर घालून आणलेली.

ट्रक युनाच्या शेडपाशी थांबला. पांढरीफटक बोट, नवी केबिन, नवं इंजिन.

"एका म्हाताऱ्याची होती," ब्रॉनी सांगत होती. "खाडीच्या टोकाला राहायचा, एकटा जीव. बोट शेडमध्ये ठेवलेली, कधी पाण्यात घातलीच नाही. दरवर्षी नुसता रंग द्यायचा, काय हवं नको बघायचा. त्याचा भाचा हसून सांगत होता, म्हातारा रोज सकाळी शेडमध्ये जायचा तो दोन कप चहा घेऊन."

"दोन कशाला?"

"एकटा राहून डोकं फिरलं असेल. आई, आपल्याला काय करायचंय? लाकूड बघ! असं लाकूड आता मिळतं का?"

युनाने हात लावला. लाकूड चांगलं होतं. तिने हात पटकन काढून घेतला. का, ते तिचं तिलाही कळलं नाही. "नाव काय लिहायचं?" तिने विचारलं.

"लकी. आखूड आहे, तुझा रंगही वाचेल."

युनाला जरा बरं वाटलं. नाण्यासारखा तर नाण्यासारखा, तो शब्द निदान खोटं बोलत नाही. सगळ्या शब्दांत तो एकटाच असा, की काही कबूल करत नाही आणि काही मागतही नाही.

सकाळी तिरपं ऊन मागच्या फळीवर आलं आणि पांढऱ्या रंगाखालून जुनी अक्षरं दिसायला लागली. अडाणी हाताची, वेडीवाकडी. फॉर्च्युनेट.

यात नवल नव्हतं. रंगाखालचं लाकूड राखलं जातं, आजूबाजूचं झिजतं, मग जुनं नाव उठून दिसतं. रंगाऱ्याला हे रोजचं. पण युना ते वाचून उभीच राहिली. कधी पाण्यात न उतरलेल्या बोटीवर घरी परतलेल्याचा शब्द कोण लिहील? आणि कोण परतलं होतं?

तिने पॉलिश पेपर घेऊन फळी घासून सपाट केली, अस्तर दिलं, वर पांढरा हात मारला. दुसऱ्या सकाळी अक्षरं पुन्हा वर आली होती. तिने पुन्हा घासली, बोटाने चाचपून खात्री केली. फळी म्हणजे काच होती काच. पुढच्या सकाळी फॉर्च्युनेट तिथेच होता, आदल्या दिवसापेक्षा जरा ठळक.

"चल तर मग, बघतेच तुला," युना त्या फळीला म्हणाली आणि तिने पत्र्याची खरवडणी उचलली. ती पांढऱ्याखाली गेली, त्या वेड्यावाकड्या अक्षरांखाली गेली. आत हिरवा रंग निघाला. खरवडणी हळू झाली. हिरव्यात सोनेरी कण दिसले. मग एक वळण दिसलं. ते वळण काढताना मनगट कसं वळतं हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस खरवडणी धरून उभं होतं.

ऑस्पिशस. खाली रेघ.

ती मटकन रंगाच्या डब्यावर बसली. रडली नाही. अंगातलं सगळं पाणी कोणीतरी काढून घेतल्यासारखं तिला झालं. आणि तेव्हाच वर डेकवर आवाज झाला. ठप, ठप.

ती शिडी चढून गेली. डेकवर कोणी नव्हतं, केबिन रिकामी होती, फळ्या कोरड्या होत्या. खाली उतरली तर शेडच्या कोपऱ्यातली किटली सूं सूं करत होती. बटण तिनेच दाबलं होतं. आवाज ऐकताक्षणी हात आपोआप गेला होता, जसा चढावरच्या घरात जायचा.

ब्रॉनी दुपारी खिम्याची पेस्टी खात खात आली. युनाने तिला फळीसमोर उभं केलं. ब्रॉनीने वाचलं. ते नाव तिने घरातल्या फोटोत लहानपणापासून पाहिलं होतं. तिचं चावणं थांबलं. मग तिने त्या भाच्याला फोन लावला, आधी गोडीत विचारलं, मग आवाज चढवला. शेवटी तो कबूल झाला. म्हाताऱ्याला ती बोट खाडीच्या तोंडाशी, वाहत येऊन खडकांत अडकलेली सापडली होती. आत कोणी नव्हतं. पोलिसांचं झंझट नको म्हणून त्याने ती गुपचूप ओढून आणली, नाव बुजवलं आणि फुकटात बोट मिळाली म्हणून फॉर्च्युनेट लिहिलं. एकदाच पाण्यात उतरवली. तासाभरात परत आणली आणि पुन्हा कधी हात लावला नाही. दोन कप चहा त्या दिवसापासून सुरू झाला.

फोन ठेवून ब्रॉनी आईकडे वळली. डोळे भरलेले आणि तोंडभर हसू.

"आई, बाबांची बोट! एवढ्या बोटी विकायला होत्या आणि मी नेमकी हीच घेतली! याला काय म्हणायचं?"

"तेच मला कळत नाहीये," युना म्हणाली. "तू याला चांगलं म्हणतेस. मला वाटतं, ती तुला न्यायला आली."

"काहीतरीच!"

"एकाला नेलं आणि एकटी परत आली. जहाज बुडतं तेव्हा माणसाबरोबर बुडतं, ब्रॉनी. ही बुडली नाही. नशीब हिचं आहे, हिच्यात बसणाऱ्याचं नाही. विकून टाक. जाळून टाक. मी तुझ्या पाया पडते."

"सगळे पैसे घातलेत मी हिच्यात. आणि पैसे गेले खड्ड्यात. मी माझ्या बापाला कधी पाहिलं नाही. त्याने हात लावलेली एक वस्तू मला मिळाली, आणि तू म्हणतेस जाळ?" ब्रॉनीने उरलेली पेस्टी कागदात गुंडाळली. "हंगाम उघडला की मी जाणार. तू लकी लिही, नाहीतर मी स्टिकर आणते."

एवढं म्हटल्यावर युनाला लिहावंच लागलं. तिने हिरवा, सोनेरी, काही खरवडलं नाही. वर पांढरं अस्तर दिलं आणि लकी रंगवलं, रेघेविना. शेवटचं अक्षर दोनदा पुसावं लागलं. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

इंजिन तपासायला बोट पाण्यात उतरवून धक्क्याला बांधली, तेव्हा हॉक आपल्या जागेवर चिप्स खात बसला होता. बोट लाटेबरोबर खांबाला घासली. हॉकचा हात चिप्सच्या पुडीत थांबला.

"ही कोणाची?"

"माझी. टास्मानियाहून आणली," ब्रॉनी म्हणाली.

"तिथून आणली असशील. पण ही मी ऐकलेली आहे."

लहान गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. ब्रॉनीबरोबर डेकवर काम करायला ठरलेला डॅरल हंगामाच्या आदल्या दिवशी आला आणि पाठ धरली आहे म्हणाला. पाठ धरलेला माणूस सायकलवर बसून झोकात निघून गेला. दुसरा कोणी मिळेना. "मग एकटी जाते," ब्रॉनी म्हणाली. बापही एकटाच गेला होता, हे तिच्या आईला आठवलं नसेल असं कसं होईल?

सकाळी ब्रॉनी धक्क्यावर आली तर युना पिवळा रेनकोट घालून शिडीशी उभी. रेनकोट आर्थरचा, गुडघ्यांच्या खाली येणारा.

"आई, तू नाव रंगवलंयस. तुला चालत नाही."

"काय चालतं नि काय नाही हे मला शिकवू नकोस. रीत मी एकदा मोडली ती पोरखेळात. आज समजून मोडतेय. तिला काही घ्यायचंच असेल तर आधी माझ्याशी गाठ आहे."

"तुला उलट्या होतील."

"बादली आणलीय."

दोघी शिडी उतरल्या. वरून हॉकने खणखणीत आवाजात सांगितलं, "दोन!" धक्क्यावर लोक जमले होते. कोणी थट्टा केली नाही, आणि आमच्या गावात हे फारच वाईट लक्षण.

समुद्र सपाट होता. वारा नव्हता. युनाला वाटलं, वादळ असतं तर बरं झालं असतं. निदान शत्रू तोंडासमोर दिसला असता. बोट इतकी अलगद चालत होती, की इंजिनाचा आवाज सोडला तर काही हलतच नव्हतं.

सिस्टर्सचे खडक दिसायला लागले. ब्रॉनीने गिअर काढून इंजिन मोकळं सोडलं, बोट थांबवली आणि बाहेर येऊन पिंजरे टाकायला घेतले. केबिनच्या काचेवर दमट वाफ धरली होती, आतून, आणि दोघी तर बाहेर होत्या. पिंजरा बोटीच्या काठावर ठेवायचा, ढकलायचा, त्याच्यामागे दोराचं वेटोळं सरसर उलगडत पाण्यात जातं. हजारदा केलेलं काम. युना बादलीजवळ बसून तिच्या पायांकडे बघत होती. त्या पायांवरून तिची नजर हटत नव्हती, आणि तरीही जे झालं ते तिला उशिरा दिसलं.

पिंजरा गेला. दोर सुटला. वेटोळ्याचा एक फास ब्रॉनीच्या घोट्याभोवती होता.

ती आडवी पडली, ओरडायलाही वेळ मिळाला नाही. दोराने तिला डेकवरून फरफटत कडेपर्यंत नेलं. युनाने झेप घेऊन तिच्या खांद्याला मिठी मारली, पण पाण्याखाली लोखंडी पिंजरा खोल चालला होता आणि युनाच्या अंगात वजन ते किती! ब्रॉनीचा पाय कडेबाहेर गेला, मग गुडघा. युनाला एका क्षणात सगळं कळलं. स्वच्छ दिवस, वारा नाही, एकटा माणूस, एक फास. एवढंच झालं होतं. इतकी वर्षं ती समुद्राला, बोटीला, शब्दाला, रेघेला शिव्या देत आली आणि झालं होतं ते एवढंच. त्या दिवशी कॉलिनपाशी दोर कापायला, इंजिन मागे घ्यायला दुसरं माणूस नव्हतं.

"कॉलिन!" ती किंचाळली. "बघत काय बसलायस? पोरगी आहे तुझी!"

इंजिन घुरघुरलं. बोट मागे सरली. एकदम नव्हे, नीट, हलक्या हाताने, दोर सैल होईल इतकीच. फास ढिला पडला, ब्रॉनीने पाय ओढून घेतला आणि दोर एकटाच पाण्यात निघून गेला. मग इंजिन पुन्हा मोकळं झालं.

दोघी डेकवर पडून धापा टाकत होत्या. ब्रॉनीच्या घोट्यावर लाल वळ उठला होता. धाप ओसरली तशी ती म्हणाली, "लकी. आई, काय लकी!"

ब्रॉनीने घोटा चोळला.

"बरं झालं तुला गिअरचा दांडा माहीत होता. कधी शिकलीस?"

युनाच्या दोन्ही हातांत अजून ब्रॉनीचा शर्ट होता. तिने केबिनकडे पाहिलं. आतल्या काचेवरची वाफ एका ठिकाणी पुसलेली होती, जिथे उभं राहणाऱ्याचं तोंड येतं तिथे.

"तुझ्या बापाकडून," ती म्हणाली.

परत येताना सुकाणू ब्रॉनीने धरलं. युना केबिनच्या दारात उभी राहिली, आत गेली नाही. तिला भीती वाटत होती, हे खोटं कशाला सांगायचं? अंगावर काटा होता. पण त्या भीतीत आज पहिल्यांदा राग नव्हता. धक्का दिसायला लागला तसं ती मागे न बघता, हळू आवाजात म्हणाली, "पाहिलीस ना पोरगी? मग आता घरी चल. पुरे झालं बाहेर."

धक्क्यावर लोक वाट बघत होते. ब्रॉनी लंगडत शिडी चढली. मागून युना चढली, रेनकोट सावरत. वर येऊन तिने श्वास घेतला. हॉकची मान अजून शिडीकडे कललेली होती. तो ऐकत होता. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"तीन," हॉक म्हणाला.

कोणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं.

"हॉक, म्हातारा झालास रे," ब्रॉनी म्हणाली. "दोघीच गेलो होतो, दोघीच आलो."

"मला मोजायला शिकवतेस?" हॉक चिडला. "पहिली तू, लंगडत. दुसरी तुझी आई, मोठ्या माणसाच्या कोटात. तिसरा जड होता. वर आला आणि त्याने बूट आपटले."

"किती वेळा?" युनाने विचारलं.

"दोनदा."

आकडे जुळले नव्हते. रीतीप्रमाणे रेघ काढता येत नव्हती. पण कमी आले तर काढायची नाही हे सगळ्यांना माहीत, जास्त आले तर काय करायचं हे आजवर कोणी ठरवलंच नव्हतं. लोक युनाकडे बघत राहिले. युनाने शेडकडे जायच्या ऐवजी घरचा चढ धरला.

घरी तिने किटली चढवली. ओट्यावर तीन कप मांडले. ब्रॉनीने कप मोजले, आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि गपचूप दूध काढलं. युनाने आपला कप दोन्ही हातांत धरला, एक घोट घेतला आणि मग फॉर्च्युनेट हा शब्द मोठ्याने म्हटला, आर्थरने शिकवला होता तसा, घरी येऊन, चहा पिताना.

दुसऱ्या दिवशी ती मागच्या फळीवरचं लकी पुसायला गेली. तिला फारसं करावं लागलं नाही. एका फेरीच्या खाऱ्या पाण्याने नवा रंग उतरला होता आणि खरवडून काढलेला फॉर्च्युनेट पुन्हा वर आला होता. त्याची वेडीवाकडी अक्षरं तिने सोनेरी रंगाने नीट भरली. खाली रेघ काढायला ब्रश टेकवला तर तिथे रेघ होती. तिचीच, पोरवयात आनंदाच्या भरात घाईने ओढलेली, पांढऱ्यातून वर आलेली. तिने ब्रश धुऊन ठेवला.

मोजायची रीत पहिल्या फेरीपुरती आहे. पण त्या बोटीच्या वेळी हॉक अजूनही मोजतो. त्याला कोणी सांगितलेलं नाही आणि कोणी थांबवतही नाही. डॅरलची पाठ काही बरी झाली नाही, तेव्हा ब्रॉनी एकटीच जाते. ती शिडी उतरते आणि हॉक म्हणतो, "दोन." संध्याकाळी ती शिडी चढते आणि हॉक म्हणतो, "दोन." चढावरच्या घरात, खिडकी उघडी ठेवून, युना तो आकडा ऐकते आणि मग किटली चढवते.